उताण्या बैलाचा पहिला अंक

आमच्या घरी एका माणसाचं नाव कधी घेतलं जात नसे. त्यांना 'समोरचे' म्हणत. मी नेवाशाहून लग्न होऊन नगरात आले तेव्हा सुरुवातीला मला वाटलं, समोर कुणी वारलंय की काय, इतका आवाज खाली घेऊन सगळे तो शब्द उच्चारायचे. मग कळलं की समोरच्यांचंही साप्ताहिक आहे.

मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं साप्ताहिक आणि समोरच्यांचं साप्ताहिक यांच्यामध्ये एक गल्ली, एक नळ आणि एक चहाचं हॉटेल, एवढंच अंतर. दोघांच्याही पेपरच्या नावाखाली अक्षरशः एकच ओळ छापलेली असे: 'जिल्ह्यातील आद्य साप्ताहिक'. आता आद्य दोन कसे, हे मी एकदा जेवताना विचारलं. मामंजींनी हातातला घास परत ताटात ठेवला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला डोळ्यांनी दटावत होत्या. पण माझी जीभ पहिल्यापासून अशीच, सुटली की सुटली.

"आपला पहिला अंक पोळ्याला निघाला," मामंजी म्हणाले. "त्याचा निघाला त्याच वर्षी दिवाळीत."

"मग ते स्वतःला आद्य कसे म्हणवतात?"

"कारण तो म्हणतो, आपला दिवाळीनंतर निघाला."

"मग पहिला अंक नेऊन दाखवा की त्यांना."

"दाखवीन," मामंजी म्हणाले. "वेळ आली की दाखवीन." आणि पाणी पिऊन उठून गेले.

वेळ आली ती नेमकी दुष्काळाच्या वर्षी. पावसाचा पत्ता नव्हता, खेड्यांतली माणसं खडी फोडायला जात होती, रेशनवर परदेशी लाल ज्वारी, मिलो, मिळायची आणि तिच्या भाकरीला चव ना ढव. आणि आमच्या मामंजींच्या डोक्यात काय शिरलं होतं, तर रौप्यमहोत्सव. पेपरला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. पोळ्याच्या दिवशी छापखान्यात पेपरच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. हे, म्हणजे माझे यजमान, नोकरीला श्रीरामपुरात असायचे आणि रविवारपुरते घरी यायचे. त्यांनी सगळं ऐकलं, "बाबांना करू दे काय करायचं ते" म्हणाले, आणि सोमवारची पहिली गाडी पकडली. मागे राहिले कोण? मी. माझं अक्षर चांगलं होतं, मी इंटरपर्यंत शिकले होते आणि मामंजींच्या मते मला दिवसभर काही काम नव्हतं. दोन्ही वेळचा स्वयंपाक हे काम असतं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नसावं.

तर वस्तू गोळा करायच्या, पुसायच्या आणि प्रत्येकीपुढे एक पाटी लिहून ठेवायची, हे माझ्याकडे आलं. मजकूर मामंजी सांगायचे. त्यांच्या मोडक्या चष्म्यासाठी त्यांनी सांगितलं, 'सत्याचा शोध घेणारे नेत्र'. मी लिहिलं, 'जुना चष्मा'. छपाईच्या ट्रेडल मशीनचं तुटकं हँडल होतं, त्याला 'लोकजागृतीचा दंड' म्हणायचं होतं. मी लिहिलं, 'हँडल'. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, मग तिसऱ्या दिवशी पाट्या वाचून म्हणाले, अक्षर मात्र मोत्यासारखं आहे.

दगडाचं प्रकरण तर फारच झालं. एकदा म्हणे एका पुढाऱ्याविरुद्ध मामंजींनी असं काही झणझणीत लिहिलं की संध्याकाळी कचेरीवर दगड आला. तो दगड मांडायचाच, असा त्यांचा हट्ट. दगड कुठाय? सगळी कचेरी पालथी घातली. शेवटी आत्याबाईंना विचारलं तर त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्यो व्हय? लोनच्यावर हाय की. लई चांगला दगड. आंब्याच्या फोडी वर येऊ देत न्हाई."

आत्याबाई मिरजगावकडच्या. पंचवीस वर्षं शहरात काढली तरी बोलणं तसूभर बदललं नव्हतं. त्यांना वाचता येत नसे. पण छापखान्यातून बाद झालेली प्रत्येक वस्तू वर स्वयंपाकघरात येऊन कामाला लागलेली होती. शाईचा रूळ पोळपाटाशेजारी उभा, छपाईचे खिळे ठेवायच्या केसच्या खणांत मोहरी, जिरं, हळद. मला तर वाटायला लागलं, पेपरचा इतिहास खाली शोधण्यात अर्थ नाही, वर डबे उघडत बसावं. हे मी चेष्टेत म्हणत होते. तेव्हा मला काय ठाऊक.

पैज लागली ती हॉटेलात. मामंजी आणि समोरचे एकमेकांशी बोलत नसत, पण चहाला रोज समोरासमोरच्या बाकड्यांवर बसत आणि हॉटेलवाल्याच्या मार्फत भांडत. समोरचे हॉटेलवाल्याला म्हणाले, "यांना विचार, प्रदर्शनात पहिला अंक ठेवणार का?" मामंजी हॉटेलवाल्याला म्हणाले, "त्यांना सांग, पोळ्याच्या दिवशी टेबलावर मांडीन. नाही मांडला तर 'आद्य' ही ओळ कायमची काढून टाकीन." समोरचे म्हणाले, "सांग त्यांना, मांडला आणि तो आमच्या आधीचा ठरला, तर मी माझी काढीन." हॉटेलवाल्यानं दोघांचे निरोप दोघांना इमानानं पोचवले, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला.

घरी आल्यावर मामंजी मला म्हणाले, "अंक काचेखाली ठेवू. पण घडी घालून. वरचा अर्धाच दिसला पाहिजे."

"का? खाली काय आहे?"

"वर्तमानपत्र घडीचंच असतं," ते म्हणाले आणि विषय संपवला.

मग आम्ही पहिल्या वर्षाची फाईल काढायला गेलो. कचेरीतलं फायलींचं कपाट म्हणजे शिंगणापूरचं घर, त्याला दार नव्हतं. मामंजी म्हणत, जुना पेपर कोण चोरतो? चोरला कुणी नाही. मी फाईल उचलली तर पुठ्ठा तेवढा हातात आला. आत मातीचा भुगा, आणि भुग्यात वाळवी अशी सुखानं नांदत होती की मला तिला उठवायलाच कसंतरी वाटलं. पहिलं वर्ष गेलं होतं. दुसरंही. तिसऱ्या वर्षाच्या कडा उरल्या होत्या, त्यावर पानांचे नंबर होते.

मामंजी खुर्चीत बसले. प्रदर्शनात मांडायची होती ती खुर्ची, तिला बूड नव्हतं. ते आत गेले. त्यांना ओढून बाहेर काढलं तर पहिलं वाक्य बोलले, "काळजी नको. माळ्यावर गठ्ठा आहे. पहिल्या अंकाचा अख्खा गठ्ठा."

मी माळ्यावर चढले. पितळेची भांडी होती, पाळणा होता, फुटकी चाळण होती. गठ्ठा नव्हता. खालून आत्याबाईंचा आवाज आला, "काय शोधती गं?"

"पहिल्या अंकाचा गठ्ठा."

खाली एकदम शांत झालं. मी वाकून बघितलं तर आत्याबाई पोळपाटावर लाटणं धरून तशाच बसलेल्या. मग म्हणाल्या, "खाली ये. आन् दार लोट."

मी खाली उतरले. त्यांनी मला जे सांगितलं ते असं. पेपर निघाला त्या सकाळीच मामंजींनी सगळा गठ्ठा वर आणून टाकला आणि बजावलं, याला हात लावायचा नाही. का, ते सांगितलं नाही. थोडेसे अंक तेवढे बाजारात गेले होते, तेही परत आणता आले तितके आणले. पुढे संक्रांत आली. संक्रांतीला बायकांना बोलावून हळदीकुंकू करायचं आणि प्रत्येकीला काही तरी वस्तू वाण म्हणून द्यायची. "घरात काय हुतं वाण द्यायला? सगळं त्या मशीनात गेल्यालं. तुजा नवरा पोटात. आन् माळ्यावर कागदच कागद. म्या भिजत घातले."

"सगळे?"

"सगळे. मेथी वाटून घातली त्यात, लगदा केला, घागरीवर थापून टोपल्या काढल्या. अशा गुळगुळीत झाल्या गं. आख्ख्या गल्लीला वाण लुटलं. बाया अजून नाव काढत्यात."

मी कपाळाला हात लावला. समोरच्यांना पंचवीस वर्षं जोर लावून जे जमलं नव्हतं, ते आत्याबाईंनी एका संक्रांतीत उरकलं होतं.

"मामंजींना सांगितलं नाहीत?"

"त्येंनी इचारलंच न्हाई," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरला. "आता ओळ जानार म्हन त्येंची. त्या ओळीवर जगतोय गं तो मानूस." असं म्हणून त्या रडायलाच लागल्या. पोळी तव्यावर जळत होती. मला त्यांचा राग आला होता, पण आता त्यांच्याहून जास्त त्या ओळीचा यायला लागला.

मग त्यांना आठवलं. टोपली वाळली की तिच्या तळाला आतून एक चांगला कागद चिकटवतात, शोभेसाठी. त्यांनी त्याच अंकाचा चित्राचा तुकडा चिकटवला होता. "बैलाचं चित्र हुतं. पोळ्याचं. लई झोकदार."

तेव्हा निदान एक तळ तरी सापडला पाहिजे. मी गल्लीत फिरायला लागले. लोक अंक गोळा करतात, मी टोपल्यांची बुडं. सगळ्यांना काय सांगावं, म्हणून म्हटलं, मला तसली टोपली करायला शिकायचंय, नमुना दाखवा. एकीच्या टोपलीत कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि ती मला तळ बघू देईना. माझ्या मनगटावर तिनं मारलेल्या चोचीची खूण मला अजून दाखवता येते. एकीनं तळाला शेणाचा हात दिला होता. एकीची उंदरांनी कुरतडून संपवली होती. आणि एक आजी म्हणाल्या, "अगं, मला ती वाणात आली न् मी पुढच्या संक्रांतीला तीच वाण म्हणून दिली. समोरच्या काकूंना."

समोरच्या काकू म्हणजे समोरच्यांची बायको. पुरुषांचं वैर होतं. बायकांचं नळावर रोज भेटणं, विरजण देणं-घेणं सगळं व्यवस्थित चालू होतं, फक्त त्याचा गवगवा कुणी करत नसे.

मी दुपारी विरजणाची वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. समोरचे जेवायला बसले होते. पाटाशेजारी टोपली, टोपलीत फडकं, फडक्यात मिलोच्या भाकरी. माझी नजर काही तिथून हलेना.

"काय सूनबाई," ते म्हणाले, "सापडला का अंक?"

"शोधतेय," मी म्हटलं. आता याहून खरं मी काय बोलणार?

"शोधा, शोधा. नसलेली वस्तू शोधायला वेळ लागतो." आणि त्यांनी खदखदा हसत टोपलीतली भाकरी उचलली. "बसा, जेवा चार घास."

मी जेवून आले होते. पण भाकरी संपल्याशिवाय तळ दिसणार नव्हता. बसले. त्या लाल भाकऱ्या पिठल्याबरोबर मी अशा हाणल्या की काकू माझ्याकडे कौतुकानं बघत राहिल्या आणि समोरच्यांचा चेहरा उतरत गेला. शेजारच्या घरात सुनेला उपाशी ठेवतात, अशी बातमी पुढच्या अंकात येते की काय, असं मला वाटून गेलं. ते हात धुवायला उठले तशी मी फडकं बाजूला केलं. पिवळा पडलेला कागद, वर तेलाचे डाग, आणि मधोमध बैल. खाली छापलेलं, 'वाचकांस पोळ्याच्या शुभेच्छा', आणि त्याच्याखाली आमच्या पेपरचं नाव.

फक्त अक्षरं सुलटी धरली की बैल उताणा पडत होता. चारी पाय वर. शिंगं खाली. अंगावर झूल, गळ्यात घुंगरं, आणि पाय आभाळाकडे.

मग मला सगळं उमजलं. घडी का घालायची, गठ्ठा माळ्यावर का गेला, सगळं. बैलाच्या चित्राचा ठसा, म्हणजे ब्लॉक, मशीनवर उलटा बसला होता आणि ते कळलं तेव्हा अंक छापून झालेला होता.

मी काकूंना बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. त्या तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसण्यानं हलत होत्या. मग म्हणाल्या, "टोपली देणार नाही हं. वाण परत करत नाहीत. पण मी स्वतः घेऊन येते. एवढी वर्षं 'आद्य' 'आद्य' ऐकून माझे कान किटलेत. कुणाची का होईना, एक ओळ कमी होऊ दे."

तारीख मात्र तळावर नव्हती. ती पानाच्या वरच्या बाजूला, म्हणजे कुठल्या तरी टोपलीच्या लगद्यात. समोरचे सहज म्हणू शकत होते, हा पुढच्या वर्षीचा पोळा. म्हणून आत्याबाईंनी आणि मी मामंजींना काहीच सांगितलं नाही. ते रोज काचेच्या पेटीतली रिकामी जागा पुसत. मी तिथे 'अंक पहिला' अशी पाटी ठेवली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "नवी पाटी लिहून ठेव. ओळ काढल्याची." मला त्यांची फार दया आली आणि टोपलीचं सांगून टाकावंसं वाटलं, पण आत्याबाईंनी माझ्या पायावर पाय दिला.

पोळ्याला बाजारात बैल थोडेच फिरले. आमच्याकडे मात्र गर्दी झाली, चहा फुकट होता म्हणून असेल. उद्घाटनाला एक निवृत्त हेडमास्तर आणले होते. समोरचे इस्त्रीचा कोट घालून आले आणि थेट रिकाम्या पेटीपाशी जाऊन उभे राहिले. हेडमास्तरांनी चष्मा पाहिला, हँडल पाहिलं, दगड पाहिला (त्याला लोणच्याचा वास येत होता), आणि पेटीशी येऊन म्हणाले, "आणि पहिला अंक?"

मामंजींनी घसा खाकरला. तेवढ्यात दारातून काकू आणि आत्याबाई आल्या. काकूंच्या हातात फडक्यानं झाकलेली टोपली. लोकांना वाटलं, प्रसाद. काकूंनी टोपली टेबलावर ठेवली. आत्याबाईंनी फडकं काढलं आणि सगळ्यांदेखत मामंजींना म्हणाल्या, "ह्यो घ्या तुमचा अंक. म्या भिजवला हुता. आता काय बोलायचं ते घरी बोला."

कुणाला काही कळेना. मी थोडक्यात सांगितलं. मामंजी टोपलीत वाकले. बैल दिसला मात्र, त्यांनी दोन्ही हात टोपलीवर आडवे धरले. पण समोरचे केव्हाच वाकले होते. आधी बारीक बघितलं. मग ते हसायला लागले. कोटाची गुंडी तुटेपर्यंत हसले.

"हाच," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हॉटेलवाल्याशिवाय म्हणाले. "हाच तो उताणा बैल. अहो, मी तेव्हा कोर्टाबाहेर अर्ज लिहायचो. हॉटेलात हा अंक हातात आला न् मी इतका हसलो की चहा नाकातून आला. तिथेच ठरवलं, बैलाचे पाय कुठे असतात हे ज्याला कळत नाही तो पेपर काढतो, मग आपण का काढू नये? म्हणून तर दिवाळीला मी..."

हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "म्हणजे हा अंक आपण पाहिला, तेव्हा आपलं पत्र निघालेलं नव्हतं तर."

समोरचे वाकून तुटलेली गुंडी शोधायला लागले. काकू म्हणाल्या, "घ्या." लोक टाळ्या वाजवायला लागले.

पण मामंजींना आनंद झालेला दिसेना. ओळ राहिली होती, आणि बैलही सगळ्या गावासमोर आला होता. लोक एकेक करून वाकत होते, हसत होते. पंचवीस वर्षं झाकलेली गोष्ट मिलोच्या भाकरीच्या टोपलीत उताणी पडली होती. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला हसू येत होतं आणि त्या हसण्याची लाजही वाटत होती.

आत्याबाई पुढे झाल्या. त्यांनी लोकांना हातानं बाजूला सारलं आणि टोपली अर्धी फिरवली.

"काय हसताय? उभा तर हाय बैल."

बैल खरंच उभा राहिला. अक्षरं डोक्यावर.

"अक्षरं उलटी झाली," मामंजी भिंतीकडूनच म्हणाले.

"असतील. मला कुठं वाचता येतंय. म्या बैल बगून चिकटवला. पोळ्याच्या दिवशी बैलाला उताना पाडत्यात व्हय कुनी?"

मामंजी वळले. टोपलीपाशी आले. त्या अंकातली एवढी एकच चूक त्यांच्या पोटात पंचवीस वर्षं होती, आणि आत्याबाईंना ती चूक आहे हेच ठाऊक नव्हतं. चहा ओतताना पालथा कप सरळ करावा तसा त्यांनी तो बैल सरळ केला होता, पहिल्याच संक्रांतीला. मामंजींनी टोपली तशीच राहू दिली. दिवसभर लोक मान वाकडी करून शुभेच्छा वाचत होते. संध्याकाळी काकू टोपली घेऊन घरी गेल्या, त्यांना भाकरी करायच्या होत्या.

पुढच्या आठवड्यात समोरच्यांच्या पेपरातली ओळ गेली. तिथे नुसती पांढरी जागा होती. आमच्या अंकात पहिल्या पानावर, खाली, चौकटीत मजकूर होता: 'चूकदुरुस्ती. आमच्या पहिल्या अंकात बैलाचे चित्र उलटे छापले गेले होते. संपादकांच्या पत्नीने ते त्याच वर्षी सरळ केले. ही दुरुस्ती छापण्यास उशीर झाला, वाचकांनी क्षमा करावी.'

मी तो आत्याबाईंना वाचून दाखवला. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावला. मग अंक माझ्या हातातून घेतला, त्याची घडी घातली आणि मेथीच्या डब्यात तळाशी ठेवला, कारण मेथीला वाळवी लागत नाही.

"ह्यो मातुर भिजवायचा न्हाई," मला म्हणाल्या, जणू काही पहिला मीच भिजवला होता.